आर्क १८०० येथे आठवडाभर मुक्काम: किराणा, औषधे आणि स्कीचे साहित्य

प्रश्न (पुणे)

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही फ्रेंच आल्प्समधील लेझ आर्क येथे, आर्क १८०० या वस्तीत, शनिवार ते शनिवार अशी स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली आहे. सोबत सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. आम्ही पॅरिसहून रेल्वेने येणार असल्यामुळे गाडी नसेल. किराणा वर मिळतो का, औषधांचे दुकान आहे का, आणि बूट व स्की कुठून घ्यावेत, याबद्दल अनुभवींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (ग्रनोबल)

नमस्कार ताई. रेल्वे बूर्ग-सॅं-मोरिसला थांबते. तिथून फ्युनिक्युलर (तारेने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) सात मिनिटांत आर्क १६०० ला नेते आणि पुढे १८०० पर्यंत बस विनामूल्य असते. माझा पहिला आग्रह असा की, सामान घेऊन थेट वर जाऊ नका. घरातील एक जण स्थानकावर सामानाजवळ थांबला आणि दुसऱ्याने खाली गावातल्या सुपरमार्केटातून तांदूळ, डाळ, तेल, दूध आणि भाजी आणली, तर आठवड्याचा बराच खर्च वाचतो. वर ‘शेर्पा’सारखी किराणा दुकाने आहेत आणि ती चांगली आहेत, पण तिथे भाव चढे असतात. शिवाय शनिवारी सगळ्या सदनिकांतले पाहुणे एकाच दिवशी बदलतात, त्यामुळे संध्याकाळी पाव आणि दुधाची फळी रिकामी दिसण्याची शक्यता असते. यांतली बरीच दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद राहतात, हे पुण्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको, पण भुकेल्या मुलाला घेऊन दारापर्यंत गेल्यावर ते फार जाणवते.

तूरडाळीऐवजी मसूरडाळ घ्या. पाकिटावर ‘लाँतीय कोराय’ असे लिहिलेले असते. साधारण १८०० मीटर उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकर नसलेल्या सदनिकेत तूरडाळ शिजता शिजत नाही, मसूर मात्र पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. या वस्तीतील जुन्या सदनिका वास्तुरचनाकार शार्लोत पेरियाँ यांच्या पथकाने आखलेल्या आहेत. स्वयंपाकघर बैठकीला जोडलेले आणि अगदी आटोपशीर असते, म्हणून मोठे पातेले मिळेलच असे समजू नका. चादरी, अभ्रे आणि टॉवेल भाड्यात धरले आहेत का, हेही आत्ताच विचारून घ्या.

बाहेर जेवताना सासूबाईंसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तार्तिफ्लेत या पदार्थात बटाटा आणि चीज यांबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि फोंद्यूत, म्हणजे वितळलेल्या चीजच्या पदार्थात, पांढरी वाईन घातलेली असते. बोफोरसारखे तिथले चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनवतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवणे बरे.

प्रतिसाद २ (लंडन)

औषधांबद्दल लिहितो. आर्क १८०० मध्ये औषधालय आहे. हिरवा क्रॉस दिसला की तेच. पण रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्यापेक्षा जास्त दिवसांच्या सोबत आणा, हातातल्या पिशवीतच ठेवा आणि डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथे कुणालाही कळत नाहीत. तापाची साधी गोळीसुद्धा काउंटरच्या मागे ठेवलेली असते, मागून घ्यावी लागते.

विमा नीट वाचा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण अशा पॉलिसीत स्कीइंग अनेकदा वगळलेले असते. उतारावरून स्लेजने खाली आणण्याचा खर्च फ्रान्समध्ये जखमी व्यक्तीकडून घेतला जातो, म्हणून स्कीपाससोबत (स्की-लिफ्टच्या तिकिटासोबत) मिळणारा ‘कारे नेज’ हा रोजचा विमा जोडून घ्या. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

आमच्या मुलीला एका दुकानाने गर्दीच्या वेळी एक माप मोठे बूट दिले. संध्याकाळी मोजा उतरवला तेव्हा टाच सोलून लाल झाली होती आणि दुसरा दिवस तिने खोलीत काढला. तेव्हापासून मी नियम पाळतो: पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये घरीच मोजायची, एकच पातळ पण लांब मोजा घालायचा, बूट बांधून सरळ उभे राहायचे. बोटे पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट परत द्यावा. बदलून देण्याचे पैसे सहसा लागत नाहीत. दुकानदार वजन, उंची आणि वय विचारतो, ते खरे सांगा, कारण पडल्यावर स्की पायातून सुटण्याचा ताण त्यावरूनच ठरवला जातो.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. साहित्य तिथे जाऊन घ्यावे की आधी नोंदवावे?

प्रतिसाद १ (ग्रनोबल)

आधी नोंदवा, बहुतेक दुकाने ऑनलाइन नोंदणीला सवलत देतात. मात्र सदनिकेच्या इमारतीजवळचे दुकान निवडा. बूट बदलायला बर्फातून नऊ वर्षांच्या मुलाला दूर चालत न्यावे लागणार नाही.