एमिसिझुमॅब चालू आहे आणि इन्हिबिटर 'निगेटिव्ह' आले, रिपोर्ट खरा धरायचा का?

नमस्कार. लॅबमध्ये किंवा रक्तविकार विभागात काम करणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

भाच्याला सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन कमी असण्याचा आजार) आहे. लहानपणी फॅक्टर आठ घेता घेता इन्हिबिटर (फॅक्टर आठ निकामी करणारी प्रतिपिंडं) झाले, तेही हाय टायटर (जास्त प्रमाणात), म्हणजे बेथेस्डा या इन्हिबिटर मोजण्याच्या तपासणीत ५ युनिटच्या पुष्कळ वर. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठऐवजी त्याचं काम करणारं इंजेक्शन) सुरू झाल्यापासून गुडघा सुजणं जवळपास बंदच झालंय. आता अक्कलदाढ काढायची म्हणून जवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) नॉर्मलपेक्षाही कमी, फॅक्टर आठ १५० टक्क्यांच्या वर, इन्हिबिटर निगेटिव्ह! दातांचे डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे, लागलंच तर फॅक्टर आठ देऊ. मला हे काही पटत नाहीये. हिमोफिलियाच्या डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. त्यांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १

ताई, शंका रास्त आहे. दाढ काढणं तूर्त थांबवा.

हे औषध फॅक्टर नऊ आणि दहाला जोडून आठचं काम करतं, पण आठसारखं आधी सक्रिय व्हावं लागत नाही. त्यामुळे तपासणीच्या नळीत गुठळी झटपट होते आणि औषध अगदी थोडं असलं तरी एपीटीटी आखडतो. नेहमीची फॅक्टर आठची तपासणी आणि नेहमीची बेथेस्डा, दोन्ही त्याच गुठळीच्या वेळेवर चालतात. म्हणजे तिन्ही आकडे औषधाचे आहेत, भाच्याचे नव्हेत. इन्हिबिटर तपासण्याआधी नमुना ५६ अंशांवर तापवला तरी हे औषध जात नाही.

गाईच्या प्रथिनांवरची क्रोमोजेनिक (गुठळीऐवजी रंगावर मोजणारी) बेथेस्डा करून मागा. एमिसिझुमॅब माणसाचेच नऊ-दहा ओळखतं, म्हणून तिथे लुडबुड करत नाही. किट मानवी प्रथिनांचं असेल तर उपयोग नाही, हे लॅबला आधीच विचारा. फॉर्मवर औषधाचं नाव ठळक लिहा. बरेच घोळ तिथेच होतात. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हीच काळजी.

आणि टायटर खरंच उतरलेलं निघालं तरी फॅक्टर आठ दिल्यावर काही दिवसांत पुन्हा उसळू शकतं. तो निर्णय हिमोफिलियाच्या डॉक्टरांचाच.

धागाकर्ती

खूप आभार. रक्त थांबलंच नाही तर बायपासिंग औषध (फॅक्टर आठला वगळून रक्त गोठवणारं) द्यावं लागेल ना? त्याचा डोस कुठल्या तपासणीवर ठरतो?

प्रतिसाद १

डोस ठरवून देईल अशी सर्वमान्य तपासणी नाही. थ्रॉम्बिन जनरेशन, टीईजी (गुठळी कशी बनते ते पाहणाऱ्या तपासण्या) काही मोठ्या केंद्रांत करतात, पण मुख्य भिस्त रक्त थांबतंय का यावरच. एमिसिझुमॅबसोबत सहसा फॅक्टर सात-ए आधी वापरतात. एपीसीसी (अनेक फॅक्टर एकत्र असलेलं दुसरं बायपासिंग औषध) शक्यतो टाळतात: २४ तासांत किलोमागे १०० युनिटांपेक्षा जास्त, तेही एक दिवस किंवा अधिक दिल्यावर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याचं औषधाच्या चाचण्यांत दिसलं होतं. द्यावंच लागलं तर प्लेटलेट, एलडीएच (पेशी तुटल्या की वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) तुटलेल्या लाल पेशी, यावर नजर हवी. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचंही (गुठळी विरघळू न देणारं औषध) विचारून ठेवा, दातांसाठी ते बऱ्याचदा देतात.