बांबूच्या वनाखाली औषधी कंदांची लागवड करावी का?

धागाकर्ता : चीनच्या झेजियांग आणि फुजियान प्रांतांतील डोंगरउतारांवर मोसो बांबूची विस्तीर्ण वने आहेत. तोडणीची मजुरी वाढत गेली, बांबूच्या भावाने मात्र तशी साथ दिली नाही, आणि त्यामुळे अनेक मालकांनी या वनांकडे लक्ष देणेच सोडले. अशा वनांखाली ‘हुआंगजिंग’ या औषधी गड्ड्याची लागवड करण्याचा जो मार्ग तेथे स्वीकारला जात आहे, तो मला योग्य वाटतो. हुआंगजिंग म्हणजे पॉलिगोनॅटम या प्रजातीतील वनस्पती. आयुर्वेदातील अष्टवर्ग या आठ औषधी वनस्पतींच्या गटातल्या मेदा आणि महामेदाही याच प्रजातीतल्या मानल्या जातात. ही मुळातच सावलीत वाढणारी वनस्पती असल्याने उघड्या शेतात तिच्यासाठी सावलीची जाळी उभारावी लागते. बांबूखाली ती सावली आयती मिळते आणि पालापाचोळा ओल धरून तणही दाबतो. शिवाय हिवाळ्यात तिचा जमिनीवरचा भाग वाळून जातो आणि बांबूची तोडणीही प्रामुख्याने त्याच दिवसांत होते, त्यामुळे तोडलेले बांबू ओढून नेताना पिकाची फारशी नासाडी होत नाही. ज्या वनातून दुसरे उत्पन्न मिळते, त्याची विरळणी आणि निगराणी मालक आपणहून करतो, हे मला यातले सर्वांत मोठे हित वाटते.

प्रतिसाद १ : सावली आणि पालापाचोळ्याबद्दल दुमत नाही, माझा आक्षेप खणण्याला आहे. मोसो हा बेटाने वाढणारा बांबू नव्हे. त्याची भूमिगत खोडे जमिनीला समांतर धावतात आणि त्यांचे जाळे बहुतांशी वरच्या फूट-दीड फूट मातीतच असते. उतारावरची माती धरून ठेवण्याचे काम हेच जाळे करते, आणि त्या खोडांवर जे डोळे असतात त्यांतूनच पुढचे कोंब फुटायचे असतात. गड्डा काढताना कुदळ चालते ती नेमकी या थरात. पाने किंवा फुले खुडायची वनस्पती बांबूखाली लावणे वेगळे आणि जिचा जमिनीखालचा भागच विकायचा ती लावणे वेगळे. हा फरक आपल्या मांडणीत आलेला नाही. वेळापत्रकाचेही आपण अर्धेच सांगितले आहे. मोसोचे कोंब वसंतात फुटतात आणि सुमारे दोन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. हुआंगजिंगही वसंतातच अंकुरते. त्या दोन महिन्यांत मातीतले पाणी कोणाच्या वाट्याला जाणार, हे उघड आहे.

धागाकर्ता : ज्या वनांविषयी मी लिहितो आहे, ती अस्पर्श नाहीत. तेथे खाण्याचे कोंब काढण्यासाठी हिवाळ्यात आणि वसंतात माती खणली जातेच, आणि जुनी, निकामी झालेली भूमिगत खोडेही काढून टाकली जातात. हुआंगजिंगचा गड्डा चार-पाच इंच खोलीवर आडवा पसरतो, त्यामुळे तो हातकाट्याने माती मोकळी करून काढता येतो. समपातळीवर पट्टे आखून एका वर्षी एकच पट्टा काढावा आणि मधले पट्टे जसेच्या तसे राखावेत, म्हणजे धूप आटोक्यात राहते. पाण्याच्या ओढीवर उपाय विरळणीचा आहे. वयस्क बांबू वेळेवर काढले की ती कमी होते.

प्रतिसाद २ : पट्टे आखले तरी गड्डा किती वर्षांनी काढणार, हा प्रश्न उरतोच. वजनावर विकला जाणारा माल घाईने काढण्याचा मोह मोठा असतो. हुआंगजिंगच्या गड्ड्यावर दरवर्षीच्या वाळलेल्या दांड्याचा एक वाटोळा, किंचित खोलगट वण राहतो; तो हातात घेऊन वण मोजले की वयाचा अंदाज येतो. खरेदी वजनाबरोबर या वणांवरही व्हावी, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेत जंगली जिनसेंग या औषधी मुळीच्या निर्यातीसाठी मुळी किमान ५ वर्षांची असावी लागते आणि तेथेही वय मुळीच्या मानेवरचे वण पाहूनच ठरवतात. चिनी औषधकोशाने वाळलेल्या हुआंगजिंगमध्ये पॉलिसॅकराइडचे (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या घटकाचे) प्रमाण किमान ७ टक्के असावे असे ठरवले आहे, पण त्यातून वय कळत नाही. दुसरी काळजी आम्लतेची आहे. मोसोच्या वनातली माती आम्लधर्मी असते, नत्रखतांनी ती आणखी आम्ल होते, आणि आम्ल मातीतून कॅडमियम हा विषारी धातू पिकात अधिक शिरते. औषध म्हणून पोटात जाणाऱ्या गड्ड्याला हा धोका परवडणारा नाही, म्हणून लागवडीपूर्वी मातीची तपासणी सक्तीचीच हवी.

धागाकर्ता : वयाची अट आणि माती तपासणी दोन्ही मान्य. नत्रखत तर मी या पिकाला देऊच नये म्हणेन. पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत पुरेसे आहे.

प्रतिसाद १ : पट्टा पद्धतीला माझी संमती आहे, पण उताराची मर्यादा घालूनच. चीनच्या मृद्-जलसंधारण कायद्यानुसार २५ अंशांहून अधिक उतारावर जमीन फोडून पिके घेण्यास मनाई आहे. मक्यासाठी माती उकरली काय किंवा औषधी गड्ड्यासाठी उकरली काय, पावसात ती सारखीच वाहून जाते. तेव्हा हीच मर्यादा बांबूच्या वनातही पाळावी. त्याहून चढ्या जागी फार तर पालापाचोळ्याखाली बी पेरून ठेवावे आणि तेथे कुदळ नेऊ नये.