मदत हवी आहे: केतुबेत ‘अलिबाग’ हिब्रू अक्षरांत कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. अलिबागमधल्या एका बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) लग्नाची केतुबा, म्हणजे वराने वधूला द्यायच्या रकमेचा ज्यू विवाहकरार, हाताने लिहायची आहे. अरामी मजकूर ठरलेलाच: वार, तारीख, जगाच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष, ठिकाण, वधूवरांची नावं वडिलांच्या नावासकट, कुमारिकेसाठी 200 झूझ, म्हणजे जुनी चांदीची नाणी (विधवा किंवा घटस्फोटितेसाठी 100), माहेरून आलेलं आणि वराने वर घातलेली भर.

अडलंय ते गावाच्या नावापाशी. सुरुवातीला आलेफ (अ/आ), पुढे लामेद (ल), योद (इ), शेवटी गिमेल (ग), इथवर शंका नाही. पण मधला बेत (ब) आतल्या बिंदूशिवाय लिहिला की ‘व’ वाचला जातो, म्हणजे सरळ ‘अलिवाग’! आणि बेतनंतर आलेफ घातला नाही, तर ‘अलिबग’ही वाचता येतं. गेटइतका (ज्यू घटस्फोटपत्राइतका) काटेकोरपणा केतुबेला लागत नाही हे खरं, पण वधूचा हक्क या एकाच कागदावर उभा असतो. तो वाचताना कुणी अडखळता कामा नये.

अलिबाग, रेवदंडा, पेण इकडच्या जुन्या केतुबा कुणाच्या घरी असतील, तर फक्त ठिकाणाच्या ओळीचा फोटो टाकाल का? नावांचा भाग झाकून टाका. गावापुढे ‘समुद्रकाठी वसलेलं’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, तेही बघा.

लग्न संध्याकाळी आहे. सूर्यास्ताला ज्यू तारीख बदलते, म्हणून किन्यान (वराने रुमाल उचलून जबाबदारी पत्करणं) आणि दोन्ही साक्षीदारांच्या सह्या सूर्यास्ताआधीच उरकणार आहोत. साक्षीदार वधूवरांच्या किंवा एकमेकांच्या नात्यातले नाहीत. तेव्हा प्रश्न एवढ्या एका ओळीचाच आहे.