अनुभव धागा: गुरू असताना विद्यापीठात संगीत का शिकलात?

नमस्कार. माझी भाची बारावीनंतर संगीतातच पदवी घ्यायची म्हणते आहे. "गुरूंकडे जातेच आहे, मग विद्यापीठ कशाला?" असं घरात सगळे विचारतात. ज्यांनी असं शिक्षण घेतलं आहे त्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत, तिला वाचायला देणार आहे.

सुरुवात मी करते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात मी गायन शिकले. १९८७ साली सुरू झालेलं हे केंद्र; नाटक, नृत्य, संगीत एकाच आवारात. माझी तालीम किराणा घराण्याची, शेजारी बसणारी मैत्रीण जयपूर-अत्रौली घराण्याची. मी विलंबित (संथ) एकतालात एकेका स्वरावर ठाण मांडणारी. ती तीनतालात, बंदिश घट्ट धरून गाणारी. मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांत स्वर तेच: कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), पंचम (प) वर्ज्य. मारव्याचं वजन रिषभ-धैवतावर (रे-ध), पूरियाचं गांधार-निषादावर (ग-नि) आणि ओढ मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे; सोहनी तार षड्जाभोवती, वरच्या 'सा'भोवती फिरते. हे सगळ्यांना पाठ होतं. सरांनी तिघांना तीन राग वाटून दिले आणि आळीपाळीने एकेक आलाप घ्यायला लावला. मागच्याचा राग कानात घुमत असताना आपला उभा करायचा! घरच्या तालमीत हे होत नाही, तिथे आपल्यासमोर एकच गळा असतो.

— पढंत
मी बडोद्याचा, तबला. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचीच पुढे महाराज सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्य शाखा झाली. सूरसागर तलावाजवळ. तबलजीला साथीची संधी शोधत फिरावं लागतं, इथे ती चालून येते. गायनाचा वर्ग झाला की सतारीचा, मग कथकचा. खरी कसोटी कथकच्या वर्गात. नगम्यावर (ताल दाखवणाऱ्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) कायदे-रेले या तबल्याच्या रचना एकट्याने वाजवताना सगळं आपल्या मनाप्रमाणे चालतं. नाचाला साथ करताना नर्तकी बोल पढणार (तोंडाने म्हणणार), तुम्ही ऐकून लगेच हातातून काढणार, आणि तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) तिच्या पावलाबरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर यायला हवी. मला साथ आवडते हे तिथेच कळलं. सोलोपेक्षा जास्त.

— मंद्रसप्तक
वरच्या दोघांचं पटतं, पण दुसरी बाजूही भाचीला सांगा. माझ्या गुरूंनी यमन हा एकच राग वर्षभर गाऊन घेतला होता. विद्यापीठात एका सत्रात रागांची रांग, प्रत्येकात बडा ख्याल (संथ लयीचा), छोटा ख्याल (जलद लयीचा), आणि परीक्षकासमोर काही मिनिटं. सकाळच्या तासांमुळे खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा पहाटेचा रियाज सुटायला लागला. मी पदवी पूर्ण केली आणि तिचा उपयोगही झाला, शाळेत नोकरी लागली. पण आकाशवाणीच्या ऑडिशनला पदवी गात नाही, गळाच गातो. गुरू सोडायचे नाहीत, एवढं तिला नक्की सांगा.

— जवारी
संगीतशास्त्राच्या पेपरला मुलं घाबरतात म्हणून लिहितो. मी बनारस हिंदू विद्यापीठात, सतार. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, गायक ओंकारनाथ ठाकूर १९५० मध्ये तिथल्या संगीत महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. भरतमुनींची सारणा चतुष्टयी, म्हणजे एक वाद्य चार टप्प्यांत (सारणांत) उतरवत श्रुती, स्वरांमधली सूक्ष्म अंतरं, मोजण्याचा प्रयोग, मी आधी नुसती पाठ केली होती. तिथे आम्ही दोन सतारी शेजारी ठेवल्या, एक अचल (सूर न बदलता ठेवलेली), दुसरी उतरवत न्यायची. दुसऱ्या सारणेत उतरवलेल्या वाद्याचे गांधार-निषाद अचल वाद्याच्या रिषभ-धैवताशी जुळले तेव्हा सगळा वर्ग पुढे सरकून ऐकत होता. बावीस श्रुतींचा हिशोब वहीत कितीही मांडला तरी असा पटत नाही.

— धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भाचीने वाचलं, आणि मंद्रसप्तकताईंचं दोनदा वाचलं. तिचा प्रश्न: गुरू डोंबिवलीला, कॉलेज मुंबईत. लोकलच्या प्रवासात सकाळचा खर्ज कसा सांभाळायचा? मुंबई विद्यापीठाच्या किंवा एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागात शिकलेल्यांनी कृपया लिहावं.