९४४ एस-२ला हॉट वायर मीटर : ताकद वाढली की दुखणे गेले?

नेकरकाठ :
घाटवळण यांनी परवा लिहिले की, त्यांच्या पोर्श ९४४ एस-२चा झडपेचा एअरफ्लो मीटर (इंजिनात शिरणारी हवा झडपेने मोजणारा) काढून हॉट वायर मीटर (तीच हवा तापलेल्या तारेने मोजणारा) बसवल्यावर गाडीला ‘किमान २० अश्वशक्ती फुकट’ मिळाली. पुरावा म्हणून त्यांनी पोर्शचीच ९६८ पुढे केली आहे : दोन्ही गाड्यांचे इंजिन २,९९० सीसीचे, पण झडपेची एस-२ २११ अश्वशक्तीची आणि झडप नसलेली ९६८ मात्र २४०ची. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. ९६८मध्ये पोर्शने व्हॅरिओकॅम आणले, म्हणजे इनटेक कॅमची, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे बदलू लागली. शिवाय इनटेक मॅनिफोल्डही (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्या) नव्याने घडवले. या साऱ्याचे श्रेय मीटरला देणे म्हणजे वरातीतल्या घोड्यालाच नवरदेव समजणे होय. मीटर हवा मोजतो, निर्माण करत नाही. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, झडप जवळजवळ सपाट उघडलेली असते आणि तिची स्प्रिंगही नाजूक असते. ती थोडा अडथळा करते, हे मी नाकारत नाही. पण २० अश्वशक्ती हा या इंजिनाचा जवळपास दहावा हिस्सा झाला, आणि तेवढी हवा ती झडप अडवत होती असे मानायला माझे मन तयार नाही.

घाटवळण :
आपण माझी गाडी चालवलेली नाही, तरीही तिच्याविषयी इतक्या खात्रीने लिहिता, याचे कौतुक वाटते. स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए-८ महामार्गावर अल्ब डोंगराचा जो चढ लागतो, तो मी अकरा वर्षे चढतो आहे. पूर्वी तिथे पाचव्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल दिला की गाडी २,५०० फेऱ्यांच्या आसपास अडखळायची आणि मला चौथा टाकावा लागायचा. आता ती पाचव्यातच सरळ निघून जाते. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदापेक्षा माझा त्या चढावर अधिक विश्वास आहे.

मॅपवाली_पुणे :
घाटवळण, आपल्या अनुभवावर मी शंका घेत नाही. पण आपण जे वर्णन केले आहे तो ताकदीचा अभाव नव्हे, बिघाड आहे. झडपेच्या मीटरमध्ये एक सरकता काटा कार्बनच्या पट्टीवर फिरतो आणि त्यातून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, व्होल्टेज मिळते. तीस-पस्तीस वर्षे काटा ज्या भागात सर्वाधिक फिरला, तिथेच पट्टी झिजते, आणि तो भाग म्हणजे नेमका अर्ध्या थ्रॉटलचा. तुम्ही नव्या मीटरची तुलना आजारी मीटरशी केली आहे.

मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि चौदा वर्षे कॅलिब्रेशनचे (इंजिनाच्या संगणकातले आकडे जुळवण्याचे) काम केल्यावर ती लपवण्याचे कारणही उरलेले नाही. असे संच विकणारे लोक हॉट वायरच्या सिग्नलला झडपेच्या व्होल्टेजचे सोंग देणारी एक डबी जोडतात आणि एकच मॅप (आकड्यांचा तक्ता) सर्वांच्या गळ्यात मारतात. डबीने हवा कमी दाखवली, तर ईसीयूला वाटते की इंजिनावर भार कमी आहे. मग ते पेट्रोल कमी देते आणि वर इग्निशनही पुढे ओढते, म्हणजे ठिणगी लवकर पाडते. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) चूक सुधारायला येत नाही. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर जुन्या मीटरच्या पोटात असतो, तो नव्या जोडणीत बसवला आहे का, हे तरी पाहिलेत का? मित्राच्या गाडीचा वितळलेला पिस्टन मी हातात घेऊन पाहिला आहे. तीही अशीच ‘फुकट’ ताकद होती.

कागद_सांभाळा :
मीटरचे राहू द्या. गाडीला तीस वर्षे झाली म्हणून आपण एच-नंबर, म्हणजे जर्मनीत जुन्या ऐतिहासिक गाड्यांना मिळणारा नंबर, घेतला आहे ना? वर्षाला १९१ युरो ७३ सेंट एवढाच कर भरायचा, आणि गाडी मूळ रूपात राखायची नाही, हे कसे चालेल? जर्मनीत धूर बिघडवणारा बदल केला की गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच जाते. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी प्रथम बॉनेट उघडेल.

घाटवळण :
त्या काळी होत असलेले बदल एच-नंबरला चालतात, आणि हॉट वायर मीटर त्या काळातही होते. गाडी चालवण्यासाठी असते, फाइलला लावण्यासाठी नव्हे.

कागद_सांभाळा :
मीटर त्या काळचा असेल. ती डबी त्या काळची आहे का?

पिंपरीचा_पिस्टन :
तुमच्याकडे निदान तपासून मंजुरी देणारा माणूस तरी आहे. आपल्याकडे भारतात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केल्यापासून निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करायचा म्हटले की लोकांना घाम फुटतो. मी साधे रुंद टायर बसवले, तर चौकात अर्धा तास उभा होतो.

नेकरकाठ :
टायरचे दुःख मोठे आहे, पण प्रश्न मीटरचा होता. घाटवळण, जुना मीटर असेल तर त्याची झडप बोटाने सावकाश उघडा आणि व्होल्टमीटरचा काटा पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

घाटवळण :
मीटर तळघरात होता. काल रात्री वर आणला. पाच व्होल्ट देऊन झडप उघडत गेलो. सुरुवातीला काटा सरळ चढला, मध्याच्या अलीकडे दोनदा एकदम कोसळला आणि पुढे पुन्हा सुरळीत झाला. म्हणजे जुना मीटर आजारी होता, एवढे मान्य. मॅपवाली यांना ज्याची काळजी होती, तो तापमानाचा सेन्सर मात्र बसवलेला आहे, हेही नोंदवून ठेवावे. २० हा आकडा मी १५वर आणतो.

नेकरकाठ :
दर चर्चेमागे पाच कमी होणार असतील, तर आणखी तीन चर्चा पुरेत.