शब्दचर्चा : गिटारच्या कॅबचा 'आयआर' मराठीत कसा सांगायचा?

तिसरी तार

कर्वेनगरच्या एका छोट्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी गिटार रेकॉर्डिंगवर मराठीत टिपण लिहितोय. मुलं बार्शी, परळी, गुहागर अशी कुठून कुठून आलेली. हात तयार, कान तयार, पण इंग्रजी पुस्तिका उघडली की गप्प होतात. निम्मं टिपण झालंय आणि गाडी 'इम्पल्स रिस्पॉन्स'पाशी अडलीय.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण ऐकतो त्यात स्पीकरचा वाटा फार मोठा असतो. अँपमधून (अँप्लिफायरमधून) निघालेला सिग्नल लाकडी कॅबिनेटमधल्या, म्हणजे 'कॅब'मधल्या, बहुतेक वेळा बारा इंची, स्पीकरमधून बाहेर पडतो आणि त्याच्या पुढ्यात माइक ठेवून तो रेकॉर्ड करतात. हे स्पीकर घरच्या म्युझिक सिस्टिमसारखे सगळं इमानाने पोचवणारे नसतात. सेलेशन कंपनी आपल्या 'व्हिंटेज ३०' या मॉडेलचा पल्लाच ७० ते ५,००० हर्ट्झ असा देते. त्याच्या वरचं बरंचसं स्पीकर गिळून टाकतो आणि ते गिळणंच आपल्याला हवं असतं. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेली, गिटार कॅबशिवाय ऐकलीत तर नुसती करकर.

आता कॅब, स्पीकर, माइक आणि माइकची जागा या सगळ्यांनी मिळून आवाजाला जे वळण लावलं, ते मोजून एका चिमुकल्या वेव्ह फाइलमध्ये साठवता येतं. तोच हा इम्पल्स रिस्पॉन्स, बोलताना 'आयआर'. गिटार थेट कंप्युटरला जोडायची, ती फाइल लावायची, हेडफोन चढवायचे. रात्री साडेअकराला वाजवलं तरी वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येत नाहीत.

याला 'आवेग-प्रतिसाद' म्हणावं का? मला तो शब्द मानसोपचाराच्या दवाखान्यातला वाटतो.

सिग्नल मास्तर

दवाखान्यातला नाही, वर्गातला आहे. भौतिकशास्त्रात इम्पल्सला आवेग आणि मोमेंटमला संवेग असंच म्हणतात. शिवाय तो अर्थानेही इथे बसतो. बल गुणिले जितका वेळ ते लावलं तो वेळ, म्हणजे आवेग. सिग्नलच्या गणितात हाच वेळ शून्याकडे नेत जायचा, उंची त्या मानाने वाढवत जायची आणि क्षेत्रफळ मात्र एकच ठेवायचं. डिजिटलमध्ये तर प्रकरण फारच सोपं: एका नमुन्याची (सॅम्पलची, म्हणजे एका क्षणी मोजलेल्या सिग्नलच्या पातळीची) किंमत १, त्याच्या आगेमागे सगळी शून्यं. हे आत सोडल्यावर बाहेर जे येतं तो प्रतिसाद.

मुलांना पुढची पायरीही सांगा, ती कळली की शब्दाची भीती जाते. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेली गिटार म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, आणि यातला प्रत्येक नमुना हा एक लहान-मोठा आवेगच. प्रत्येकामागे त्याच प्रतिसादाची एक प्रत त्याच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त करून जोडा आणि सगळ्या प्रतींची क्षणाक्षणाला बेरीज करा. झालं कॉन्व्होल्यूशन. अटी दोन: व्यवस्था रेषीय हवी, म्हणजे आत दुप्पट तर बाहेर दुप्पट आणि दोन सिग्नलांची बेरीज आत घातली तर बाहेरही बेरीजच. आणि ती वेळेनुसार बदलता कामा नये.

मिक्सिंगवाली

सर, गणित मान्य. पण स्टुडिओत आवेग कुणी सोडतच नाही हो! एका नमुन्यापुरत्या टोचणीत ऊर्जा असते किती? ती खोलीतल्या पंख्याच्या आणि माइकच्या खरखरीत बुडून जाते. मोठी करावी तर स्पीकर ताणला जातो आणि मोजमापच बिघडतं.

म्हणून स्वीप वाजवतात: २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सूर, काही सेकंदांचा. हल्ली सर्रास वापरतात ती रीत अँजेलो फरीना यांनी २००० साली मांडली. तिच्यातला स्वीप घातांकी असतो, म्हणजे खर्जातल्या सप्तकाला जितका वेळ तितकाच वरच्या टोकाच्या सप्तकालाही. माइकने टिपलेला स्वीप आणि मूळ स्वीपपासून बनवलेलं उलटं फिल्टर यांचा मेळ घातला की प्रतिसाद हिशेबाने हाती येतो. आणि यातली खरी मजा अशी की स्पीकरने पदरचे घातलेले जादा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, मुख्य प्रतिसादाच्या आधी, वेगळे होऊन पडतात. तेवढे कापून टाकायचे.

सांगायचं काय, तर नाव गणितातल्या कल्पनेचं आहे, हाताने केलेल्या कामाचं नाही. मोठ्या सभागृहाची घुमण मोजायला फुगा फोडतात, तिथे आवेग खरोखरीचा असतो. पण 'कॅबला आवेग द्या' असं टिपणात लिहिलंत तर एखादा कॅबला लाथ घालेल.

पेठेतला

त्याआधी 'कॅब'चं बघा. पुण्यात कॅब म्हणजे हिंजवडीला नेणारी. 'दोन कॅब मिक्स केल्या, एक जरा मागे सरकवली' हे फोनवरचं वाक्य ऐकून आईने विचारलं, कुणाला लागलं का रे. पेटी म्हणावं तर पेटी भजनाला बसलीय. 'खोकं' म्हणायची सोय २०२२ नंतर महाराष्ट्रात उरलेली नाही.

मांडववाले सरळ 'बॉक्स' म्हणतात. तपकीर गल्लीत बारा इंची स्पीकर मागा, 'बॉक्ससकट की नुसता?' असंच विचारतील. शब्द बाजारात तयार आहे, उगाच कारखाना कशाला काढायचा?

तिसरी तार

बॉक्स आवडला. अडचण एवढीच की मुलं कंप्युटरवर आयआर लावायचं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) उघडतील तिथे 'कॅब' लिहिलेलं असणार. पहिल्यांदा 'स्पीकरचा बॉक्स, म्हणजेच कॅब' असं लिहितो आणि पुढे कॅब.

डग्गा

गिटार मला कळत नाही, आवाज कळतो. या जागी 'प्रतिध्वनी' मात्र कुणी सुचवू नका, कारण सुचवणारे निघतातच. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मूळ आवाजानंतर साधारण ०.१ सेकंद जावा लागतो, म्हणून भिंत निदान १७ मीटर लांब हवी, असं शाळेत शिकलो. तुमची ही फाइल असते किती लांब?

मिक्सिंगवाली

काका, कॅबसाठी बहुतेकदा २,०४८ नमुने. ४८ किलोहर्ट्झला ते ४३ मिलिसेकंदांच्या आतच संपतात. काही पेडल (पायाशी ठेवायची गिटारची इफेक्टची यंत्रं) १,०२४ नमुन्यांवरच कापतात, म्हणजे २१ मिलिसेकंद. फार आखूड कापलं तर खर्जाचा तपशील आधी जातो.

डग्गा

मग प्रतिध्वनीचा प्रश्नच मिटला. 'घुमारा' डग्ग्याला आणि खोलीला ठीक, पण त्यात लांबण आहे. 'आस' तारेची, छेडल्यावर सूर जितका टिकतो ती. माझं मत 'पडसाद'ला. कुंभारवेशीत माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि कान देतो. टिचकी सगळ्या माठांना सारखीच, पण ऐकू येतो तो त्या माठाचा पडसाद. चिरलेला असला की लगेच कळतं. तुमचा इम्पल्स ही टिचकी आणि रिस्पॉन्स हा पडसाद. सर रागावणार नसतील तर टिचकी-पडसाद म्हणा.

वर्तमानपत्रांनी या शब्दाची फार आबाळ केलीय, हेही खरं. 'घटनेचे तीव्र पडसाद' म्हणजे दगडफेक, असंच झालंय. पण म्हणून तो सोडून का द्यायचा?

आता मला एक सांगा. तानपुऱ्याचा असा पडसाद घेता येईल का? भोपळ्याचा आणि तबलीचा, म्हणजे त्यावरच्या लाकडी पाटीचा, येईलसं वाटतं. जवारीचा?

सिग्नल मास्तर

रागावत नाही. वर्गात मी टिचकीनेच सुरुवात करीन म्हणतो, परीक्षेत मात्र मुलांनी आवेग लिहावा.

जवारीचा प्रश्न नेमका आहे. भोपळा आणि तबली नेहमीच्या वाजवण्यात रेषीय वागतात, त्यांचा प्रतिसाद मोजता येतो. जवारीत तार घोडीच्या वक्र पाठीला घासत, टेकत, सुटत कंप पावते. ती किती जोरात छेडली यावर टेकणं बदलतं आणि नव्या वारंवारता जन्माला येतात. आत दुप्पट म्हणजे बाहेर दुप्पट ही अटच मोडली. असं एका प्रतिसादात मावत नाही.

गिटारच्या स्पीकरचंही तेच. हलक्या हाताने मोजलेला प्रतिसाद बरोबर असतो, पण अँप पूर्ण उघडल्यावर स्पीकरचा कागदी शंकू आपल्यापुरता कुरकुरतो, आवाज थोडा दाबतो. ती कुरकुर आयआरमध्ये नसते. 'हुबेहूब कॅब' असं कुणी विकत असेल तर त्या 'हुबेहूब'वर मुलांना प्रश्नचिन्ह काढायला शिकवा.

तिसरी तार

हा परिच्छेद जसाच्या तसा टिपणात घेतोय, सर.

झरणी

माझं नाव बघून ओळखलं असेल. सावरकरांचा 'महापौर' टिकला, 'दिग्दर्शक' टिकला, 'दिनांक' तर आपण कुणाचा हेही विसरलो. शाईच्या पेनाची 'झरणी' मात्र वाळली. शब्द चांगला की वाईट यावर ते ठरत नाही. ज्याला तो रोज तोंडात घ्यायचाय त्याला दुसरा शब्द आधीच मिळाला होता का, यावर ठरतं. 'आयआर' दोन अक्षरी उच्चारात मावतो आणि पोरांच्या तोंडी बसलाय. फाइलीचं नाव तेच राहणार. प्रश्न फक्त समजावून सांगतानाच्या भाषेचा आहे, तिथे डग्गाकाकांचा पडसाद सरस.

'ठसा'ही विचारात घ्या. पडसाद ही घडणारी गोष्ट, ठसा ही उरणारी. इंग्रजीत दोन्हीला एकच नाव आहे म्हणून आपणही एकच शोधत बसायला हवं असं नाही. कॅबने दिला तो पडसाद, फाइलीत राहिला तो ठसा. आणि दोघांचं क्रियापद एकच: पडसाद उमटतो, ठसाही उमटतो.

मिक्सिंगवाली

क्रियापदाचं बरं काढलंत. 'आयआर कॅप्चर केला' हे वाक्य मला खटकतं आणि 'आयआर पकडला' त्याहून. चोर पकडतात. आपल्याकडे फोटो काढतात, माप घेतात, ठसा घेतात. मी 'आयआर घेतला' म्हणते. वापरण्यासाठी 'लावला', कारण माइक लावतो, चष्मा लावतो. 'टाकला' म्हणणारेही आहेत; ते वरण-भातावर तूप टाकतात तेवढ्याच सहजतेने आयआर टाकतात, त्यांना काही बोलू नये.

लिंगाचा घोळ वेगळाच. 'तो आयआर' म्हणणाऱ्याच्या मनात प्रतिसाद असतो, 'ती आयआर' म्हणणाऱ्याच्या मनात फाइल. दोन्ही ऐकलंय, एकाच बैठकीत, एकाच माणसाकडून. टिपणात एकच ठेवा. मी 'तो' ठेवीन.

आणि 'घेतला' लिहिताना काय काय घेतलं हे लिहायला शिकवा, शब्दापेक्षा ते महत्त्वाचं. 'मार्शल ४×१२' (मार्शलची, चार बारा इंची स्पीकरांची कॅब) एवढंच फाइलीच्या नावात लिहून भागत नाही. माइक कुठला? शुअरचा एसएम५७, १९६५ पासूनचा, की रॉयरचा आर-१२१ रिबन? स्पीकरच्या मध्यभागीच्या टोपीसमोर ठेवला तर आवाज झगझगीत, कडेकडे सरकवला तर मऊ आणि काळवंडलेला. इंचभर सरकवला तरी तो वेगळा आयआर. दोन माइक असतील तर अंतर मोजा: स्पीकरपासून एक माइक दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर मागे राहिला की त्याला आवाज सुमारे ०.१ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ५ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स्वीप कुठल्या पॉवर अँपमधून सोडला तेही लिहा. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरच्या बदलत्या इम्पिडन्सपुढे (विजेला होणाऱ्या विरोधापुढे) वाकतो, ट्रान्झिस्टरचा सहसा वाकत नाही. कॅब तीच, खर्ज आणि वरचं टोक वेगळं.

पेठेतला

म्हणजे ठसा कॅबचा नाही, त्या दिवशीच्या मांडणीचा. जातीचा दाखला नव्हे, पंचनामा.

मिक्सिंगवाली

'पंचनामा' घ्या हो टिपणात!

तिसरी तार

पंचनामा शीर्षकात घेतोय. मजकूर सध्या असा:

'आयआर घेताना कॅबमधून स्वीप वाजवतात आणि माइकने टिपतात. त्यावरून कंप्युटर हिशेब करतो की या कॅबला नुसती एक टिचकी मारली असती तर तिचा पडसाद कसा उमटला असता. हा पडसाद वेव्ह फाइलमध्ये साठवला की तो झाला कॅबचा ठसा, म्हणजे आयआर. पुस्तकात याला आवेग-प्रतिसाद म्हणतात. आयआर लावला की तुमच्या गिटारच्या प्रत्येक नमुन्यावर हा ठसा उमटतो.'

'शेपूट'बद्दल विचारायचं राहिलं. फाइलीच्या शेवटी आवाज विरत जातो तो भाग कापायचा, त्याला 'शेपूट छाटणे' म्हणू का?

डग्गा

छाटतात फांद्या. शेपूट तोडतात, पण ते क्रूर वाटतं. 'विरत जाणारा भाग हळूच मिटवा' म्हणा, कारण एकदम कापलात तर टक्क वाजेल.

मिक्सिंगवाली

काका बरोबर आहेत, शेवटच्या काही नमुन्यांवर फेड देतातच. पण 'मिटवा' वाचून कुणी अख्खी फाइल डिलीट करेल. 'विरवा' लिहा.