ग्लुटेन-फ्री बेकरीचा ब्रेड खाऊनही त्रास! नेमकं काय विचारू? (मदत हवी आहे)

सोनचाफा:
जरा लवकर सांगा, शनिवारी पुन्हा ब्रेड आणायचा आहे. एका ग्लुटेन-फ्री (म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेल्या) बेकरीतून आम्ही ब्रेड घेतो. सुरू केल्यापासून पोट परत बिघडायला लागलंय. दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत ग्लुटेन-फ्री लिहिलंय. विचारलं की काउंटरवरची मुलगी गोड हसते, "आमच्याकडे सगळं तेच असतं हो मॅडम." बाकी गिऱ्हाइकं खूश, ऑनलाइन पाच-पाच तारे. मीच उगाच शंका काढतेय का? बेकरीचं नाव लिहिणार नाही, विचारू नका.

निवांत:
कोणाचं पोट? आणि सिलिअ‍ॅक आहे, गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, की नुसतं सोडून पाहिलंय? तिन्हींची उत्तरं वेगळी. पहिल्यात ग्लुटेनने आतड्यालाच इजा होते.

सोनचाफा:
अहो सिलिअ‍ॅकच, म्हणून तर त्या बेकरीत जाते ना! मुलगा ११ वर्षांचा. रक्ततपासणी, एण्डोस्कोपी सगळं झालंय.

खमंग:
बाहेरचं आणताच कशाला? तांदळाचं पीठ, थोडा टॅपिओका स्टार्च आणि इसबगोल. इसबगोल आधी पाण्यात भिजवून त्याचा लगदा होऊ द्यायचा, मग पिठात. ग्लुटेनचा चिवटपणा तोच देतो. पीठ सैलसर राहतं, मळायला जाऊ नका, सरळ साच्यात ओता. आणि गार झाल्याशिवाय कापलात तर आत चिकट निघणार, मग मला बोल लावायचा नाही.

सोनचाफा:
धन्स, पण मी रेसिपी नाही विचारली. नोकरी करून रोज ब्रेड भाजणं मला जमणार नाही.

प्रयोगवही:
मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ग्लुटेन-फ्रीचा कोडेक्सचा (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा) निकष आहे २० पीपीएम, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत. त्या हिशोबात ५० ग्रॅमच्या स्लाइसमधून जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम पोटात जातं. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सिलिअ‍ॅक रुग्णांना चालतं असं धरतात. पण साध्या ब्रेडचा चिमूटभर चुरासुद्धा ते १० मिलिग्रॅम सहज गाठतो. त्यामुळे पीठ कुठलं एवढंच विचारून भागत नाही. त्याच जागेत गव्हाचं काही बनतं का? ओट्स घालतात का, आणि ते ग्लुटेन-फ्री म्हणून वेगळे सांभाळलेले असतात का? माल्ट? (ते सहसा बार्लीचं असतं.) चिमटे, ट्रे, सुरी कोणाची? शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात.

मधली_सुट्टी:
भट्टीत एवढ्या तापमानाला ग्लुटेन राहतं होय? काहीही.

प्रयोगवही:
राहतं. ते प्रथिन आहे, जंतू नव्हे. भाजल्याने मरायला आधी जिवंत तर हवं.

मधली_सुट्टी:
ठीक. पण ग्लुटेन तसंही सगळ्यांनाच वाईट. मी सोडलं आणि सहा किलो उतरलो.

निवांत:
केक-बिस्किटं सोडलीत म्हणून उतरलात. आणि तुमच्यासारख्यांमुळेच काउंटरवरच्या पोरी हसतात. सकाळी ग्लुटेन-फ्री मफिन मागायचं आणि संध्याकाळी "एवढंसं चालतं मला" म्हणत पेस्ट्री! मग खऱ्या पेशंटचं बोलणंही त्यांना नखरेच वाटणार.

मधली_सुट्टी:
वैयक्तिक होऊ नका.

अबोली_२२:
निवांत +१. पाच तारे चवीला असतात. देणाऱ्यांतल्या किती जणांना सिलिअ‍ॅक असतो? कणभर चुरा गेला तरी त्यांना कळणारही नाही.

अवांतर: डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला हा रोग कळला तो १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत. ब्रेड मिळेना आणि ही आजारी मुलं सुधारू लागली!

प्रयोगवही:
गोष्ट छान आहे, पण अर्धी. त्याला गव्हाचा संशय आधीपासूनच होता, उपासमारीने तो बळावला. असो, धागा कुठे चाललाय?

सोनचाफा, ब्रेड अख्खा आणता की कापून?

सोनचाफा:
कापूनच. घरी सारखे स्लाइस कोण पाडणार? याचा काय संबंध?

प्रयोगवही:
कापतात कुठे? तुम्ही पाहिलंय?

सोनचाफा:
मुलगी आत घेऊन जाते आणि पिशवीत भरून आणते. मशीन असेल आत.

निवांत:
आणि घरचा टोस्टर? बाकीचे गव्हाचा ब्रेड खाता का?

सोनचाफा:
त्याचा टोस्टर वेगळा आहे हो. इतकी अडाणी नाही मी.

लोण्याची_वाटी:
दुसऱ्या बाजूनेही बोलते, माझी छोटी बेकरी होती. ग्लुटेन-फ्रीच. टेबलावर बसून बाळाला घरून आणलेली गव्हाची बिस्किटं भरवणारे लोक रोज यायचे. तो चुरा टिपायला मी मागे मागे. गिऱ्हाइकाला बोलायची सोय नाही, बोललं की एक तारा! तेव्हा चूक दर वेळी दुकानाचीच असते असं नाही.

शिवाय पोट दुखलं म्हणजे ग्लुटेनच असंही नाही. झँथन गमनेही (ग्लुटेनऐवजी चिवटपणासाठी घालतात तो) काहींना गॅस होतो. आतडं पुरतं भरून आलं नसेल तर दूधही बाधतं. आमच्या ब्रेडमध्ये दूध पावडर असायची.

अबोली_२२:
खरंय. मागचा रक्ताचा रिपोर्ट काय म्हणतो?

सोनचाफा:
टीटीजी (या आजारात रक्तात वाढणारी अँटीबॉडी) आधी भराभर उतरला, आता तीन महिने जागचा हलत नाही. आठ महिने झाले पथ्याला.

प्रयोगवही:
तो नॉर्मलला यायला वर्ष किंवा जास्तही लागतं, त्यामुळे एवढ्यावरून बेकरीला फाशी देऊ नका. पण आधी उतरून मग अडकलाय, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि शनिवारी कापायची जागा बघाच.

सोनचाफा:
आले जाऊन. "मी बघू का कसं कापता?" म्हटलं तर मुलगी म्हणाली, या की. मागच्या दारातून बोळ ओलांडून आम्ही शेजारच्या दुकानात! साधी बेकरी. ह्यांचं मशीन दोन-अडीच महिने बंद आहे, तोपर्यंत त्यांचं वापरतात. पात्यांच्या मध्ये तपकिरी चुरा दाटून बसलेला, खालचा ट्रे काठोकाठ भरलेला. तिने ब्रशने दोनदा झटकलं आणि माझा ब्रेड आत सरकवला. मी थांब म्हणेपर्यंत पहिले चार स्लाइस पडलेसुद्धा. मुलगी बिचारी गोंधळली, "पण ब्रेड तर आपलाच आहे ना मॅडम?" मालकाला फोन केला तर तो उद्या बोलू म्हणतोय.

अख्खा लोफ घेऊन आले. आता सुरी कुठली घेऊ? दातेरी चालेल ना?

खमंग:
दातेरीच, आणि नवी. फळीही नवी घ्या, लाकडाच्या जुन्या फळीच्या चिरांत चुरा राहतो. आणि गार झाल्यावरच कापा!

पहिलटकर:
सगळा धागा वाचला नाही, पण बेकरीचं नाव टाका की. आम्हालाही टाळता येईल.